उपरण्याखालचं शेवटचं उत्तर

८ जून १९४१, रविवार. आभाळ सकाळी भरून आलं, दुपारी पश्चिमेच्या वाऱ्याने मोकळं करून टाकलं. पाऊस नाही. उकाडा कालचाच.

माझ्या रोजनिशीत त्या दिवसाखाली एवढंच आहे. वास्तविक त्याच दिवशी गिरिजाचा कागद आला, आणि पुढे बरेच दिवस जळगावातल्या आमच्या कापसाच्या पेढीवर दुसरा विषय निघाला नाही. पण काळजी असली की मी हवामान लिहून वही मिटतो. जुनी सवय आहे.

किस्से साठायला रिकामा वेळ लागतो, आणि कापसाच्या पेढीवर जूनमध्ये तो भरपूर. हंगाम संपलेला, काटा बारदानाने झाकलेला, जिनिंगचा भोंगा बंद. शेतकरी आभाळाकडे बघतो, आम्ही एकमेकांकडे. अशा दिवसांत एकजण काही बोलला की दुसरा त्यावर रचतो, तिसरा त्यावर, आणि बघता बघता गंजी उभी राहते. त्या जूनची गंजी सगळी गिरिजाच्या कागदाची.

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. पेढी नानांची. नाना म्हणजे वयाने आणि आवाजाने आमच्यात सगळ्यांत मोठे. पेढीवरचे दलाल दौलतभाऊ. त्यांचं घर पेढीच्या मागच्याच दाराला लागून. गिरिजा त्यांची एकुलती मुलगी. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून तिला दौलतभाऊंच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, सांभाळलं. आणि मी पेढीचा तोलार, म्हणजे काट्यावर कापूस तोलणारा, दामू. मराठी चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं रद्दीतल्या वर्तमानपत्रांकडून शिकलो. रोज चार ओळी लिहितो म्हणून कोणाचं काही लिहायचं निघालं की मलाच हाक. गिरिजाला पाटीवर अक्षरं मीच काढून दिली होती.

ती मॅट्रिक पास झाली आणि पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज करायचा म्हणाली. फॉर्म आला, त्याला जोडून प्रश्नांचा एक कागद आला. प्रश्न छोटे, प्रत्येकाखाली आठ-दहा ओळींची जागा. उत्तर मराठीत चालेल, पण उमेदवाराच्या स्वतःच्या हातचं हवं. शेवटचा प्रश्न होता, ‘किती वर्षे शिक्षण घेण्याचे ठरले आहे?’ त्या उत्तराखाली वडिलांची सही. ती नसेल तर बाकीचा कागद वाचला जाणार नाही. आणि सगळं वीस तारखेच्या आत पुण्यात पोचायला हवं.

इकडे यावलचं एक स्थळ मार्गशीर्षात लग्न धरून बसलं होतं. दौलतभाऊ कॉलेजला हो म्हणत नव्हते आणि यावलला नाही म्हणत नव्हते. कोणी विचारलं की म्हणत, ‘‘बघू.’’

* * *

त्यांच्या ‘बघू’चं मूळ बाजारात होतं.

आमच्याकडे कापसाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणाऱ्याचा हात आणि दलालाचा हात उपरण्याखाली जातात. जितकी बोटं दाबली तितका आकडा. तेवढा वेळ दोघंही भलतीकडेच बघत असतात. एकजण बैलांकडे, एकजण आभाळाकडे. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारीच उभा असतो, पण आकडा त्या दोघांच्या बोटांत. हात बाहेर आले की सौदा झाला.

दौलतभाऊंचा उभा जन्म यात गेला. शेवटी शेवटी त्यांच्या तोंडून आकडा निघणंच बंद झालं. बोदवडला एका लग्नात पंगतीत वाढप्याने त्यांना विचारलं, पोळ्या किती वाढू? भाऊंनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, उपरणं पुढे केलं आणि वाढप्याचा हात त्याखाली ओढून दोन बोटं दाबली.

वाढपी कापसातला नव्हता. तो पोळ्यांची परात तिथेच ठेवून निघून गेला.

* * *

पहिला प्रश्न सोपा होता. ‘आपल्या घरातील माणसांविषयी थोडक्यात लिहा.’ मला वाटलं, हा तरी चहा व्हायच्या आत उरकेल.

गिरिजा मागच्या दारातून पेढीवर आली आणि वडिलांना विचारू लागली, की घरातली माणसं नेमकी किती धरायची? अक्कांचा मुलगा चाळीसगावला रेल्वेत आहे, पण सणाला इथेच असतो. चुलत्यांची दोन मुलं शाळेसाठी आपल्याकडे राहतात. त्यांना धरायचं का?

प्रश्नात आकडा होता. भाऊंनी रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर ऊन सोडून कोणी नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘पुरेशी.’’

गिरिजाने तेच लिहिलं. ‘आमच्या घरात माणसे पुरेशी आहेत.’ मी म्हटलं, हे खोडू, कॉलेजला काय कळणार यातून? ती म्हणाली, दामूकाका, वडिलांना विचारलं तर ते असंच सांगतात, मग कॉलेजला त्यांची पहिली ओळख हीच नको का?

नाना लोडावरून म्हणाले, ‘‘राहू दे. हॉस्टेलात जागा का हवी ते आपोआप कळेल त्यांना.’’

* * *

दुसऱ्या प्रश्नाला तीन दिवस अडलो. ‘आपल्या अंगचे गुण लिहा.’

गिरिजाने जागा कोरी ठेवली होती. स्वतःचे गुण स्वतःच्या हाताने लिहायचे म्हणजे काय, हे तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कळेना. नाना म्हणाले, ही कसली रीत? बाजारात जो आपणहून माल चांगला म्हणतो त्याच्याच ढिगात आधी कोपरापर्यंत हात घालून बघतात, तळाशी ओला कापूस आहे का म्हणून.

मी रोज सकाळी विचारत होतो, काही सुचलं का? ती मान हलवायची. तारखा सरकत होत्या. मला जेवण गोड लागेना. हिच्या एका कोऱ्या जागेपायी कागद परत आला तर, असं सारखं वाटायचं.

शेवटी अक्कांनी आतून तोड काढली. त्या दाराशी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘पोर, तुले काय येत नही ते लिख. बठ्ठा कागद भरी जाई.’’

येत नाही तेच लिही, सगळा कागद भरेल, असं अक्का चिडून म्हणाल्या होत्या. गिरिजाने मनावर घेतलं आणि तिथेच बसून लिहिलं. ‘मला गाता येत नाही. माझी भाकरी एका बाजूला जाड होते. मला रांगोळीत सरळ रेघ काढता येत नाही. न विचारता गप्प बसता येते, पण विचारल्यावर गप्प बसता येत नाही. मला येत नसलेली गोष्ट येते असे सांगता येत नाही.’

मी मोठ्याने वाचून दाखवलं. नाना हसले, मीही हसलो. अक्कांचा हात तांदळात थांबला.

‘‘हाऊ कागद यावलले गया त कोन करी हिले?’’

* * *

धुळ्याहून मामा आले ते यानंतर. शंकरमामा म्हणजे गिरिजाच्या आईचे भाऊ, धुळ्याच्या कोर्टात कारकून. बहिणीला शेवटच्या दुखण्यात त्यांनी शब्द दिला होता, की पोरीला शिकवू. त्यामुळे कागदाचं कळताच ते रजा टाकून निघाले, चाळीसगावला गाडी बदलली, आणि उन्हात तापलेल्या डोक्याने पेढीवर येऊन बसले. पाणी प्यायच्या आधी त्यांनी पिशवीतून घड्या घातलेले कागद काढले. गिरिजाला त्रास नको म्हणून ते सगळी उत्तरं धुळ्याहूनच लिहून घेऊन आले होते; तिने फक्त उतरवून काढायची.

‘आपणांस कॉलेजात का यावेसे वाटते?’ या प्रश्नाचं मामांचं उत्तर माझ्या रोजनिशीत उतरवलेलं आहे. ‘सदरहू उमेदवार ही दौलत यांची औरस कन्या असून सज्ञानतेच्या लगत आहे. तिजवर वडिलांचा ताबा व वहिवाट अद्याप चालू आहे. उमेदवारास शिक्षणाची निकड असून त्यास कोणाचीही रास्त हरकत असू शकत नाही. सबब प्रवेशाचा हुकूम व्हावा, खर्चासह.’

दौलतभाऊ ताबा आणि वहिवाट या शब्दांपाशी जरा ताठ झाले होते.

नानांनी विचारलं, ‘‘शंकरराव, पोरीला कॉलेजात घालायचंय की कॉलेजावर जप्ती आणायचीय?’’

मामा रागावले. चहा नको म्हणाले. तो निवून साय धरेपर्यंत तसाच ठेवला आणि मग कोणाचं लक्ष नाही असं बघून पिऊन टाकला. पण ते परत गेले नाहीत. कागद टपालात पडेपर्यंत हलणार नाही, असं सांगून त्यांनी नानांच्या शेजारचा लोड धरला. रात्री मला बाजूला घेऊन विचारलं, दामूभाऊ, भाऊंच्या मनात काय आहे? मी सांगितलं, तीस वर्षं त्यांच्या शेजारी काट्यावर बसतोय, मला माहीत नाही.

* * *

‘एखाद्या अडचणीच्या प्रसंगी आपण काय केले, ते लिहा.’

या उत्तराची कोणालाच काळजी नव्हती, कारण प्रसंग तयार होता. काही वर्षांपूर्वी भर दुपारी वखारीतल्या कापसातून धूर निघाला होता. गिरिजा तेव्हा शाळकरी. तिने तो पहिल्यांदा बघितला, वखारीच्या खिडक्या ओढून घेतल्या, दार लावलं, आणि आतमध्ये भिजवलेली बारदानं धुरावर टाकत राहिली. वारा लागला असता तर पेढीसकट घर गेलं असतं. वाचलं.

पण लिहायला बसल्यावर नाना म्हणाले, मी आरोळी दिली तेही लिही, आरोळीमुळे माणसं जमली. मामा म्हणाले, माणसं जमली म्हणून काय विझलं? मी त्याच्या आदल्या दिवाळीतच पत्राने कळवलं होतं की वखारीत विडी ओढू देऊ नका, ते लिही. नाना म्हणाले, पत्राने आग विझते हे मला नवीन आहे. मीही मध्ये तोंड घातलं. विहिरीवरून पाण्याच्या घागरी मी आणल्या होत्या आणि ते मला पक्कं आठवत होतं. नाना म्हणाले, तू आणल्यास खऱ्या, पण आग विझल्यावर.

बराच वेळ हे चाललं. गिरिजा टाक हातात धरून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. आमचं संपल्यावर तिने स्वतःने काय केलं ते चार ओळींत लिहिलं, आणि खाली एक ओळ आमच्यासाठी घातली.

‘त्या वेळी बाहेर बरीच माणसे होती. ती बोलत होती.’

* * *

मामांचा मसुदा बाजूला पडल्यावर ‘कॉलेजात का यावेसे वाटते’ ही जागा कोरीच राहिली होती. गिरिजा अडली. मी तिला माझी युक्ती सांगितली. काही सुचत नसेल तर आधी तारीख घाल, मग हवा कशी आहे ते लिही. हात एकदा चालू लागला की पुढचं येतं. कॉलेजला हवेशी काय करायचंय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ती ओळ नंतर गाळू.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कागद आणून मामांच्या हातात दिला आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. हवेची ओळ तिने गाळली नव्हती. मामा वाचू लागले.

‘आज ढग आहेत पण वारा त्यांना थांबू देत नाही. आमच्या बाजारात कापसाचा भाव उपरण्याखाली ठरतो. ज्याचा कापूस असतो तो शेजारी उभा असतो. हात बाहेर आले की त्याला सांगतात, ठरले. माझ्या घरी माझ्यावर सगळ्यांचे प्रेम आहे. तरी माझ्याविषयी जे ठरते ते मला असेच कळते. मला शेजारी उभे राहण्याचा कंटाळा आला आहे. म्हणून मला कॉलेजात यावेसे वाटते.’

मामांनी चष्मा काढला. नानांनी पंखा थांबवला. दौलतभाऊ उठले, कोपऱ्यातल्या माठापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून पाणी पीत राहिले. एवढं पाणी कोणी पीत नाही.

बोलल्या त्या अक्का, दाराच्या आतून, अगदी साध्या आवाजात. ‘‘मन्हा लगीनना येळले मी त उभी बी नव्हती. झोळीमा निजेल व्हती.’’

* * *

१७ जून, मंगळवार. वारा पडलेला, आभाळ खाली आलेलं, पाऊस नाही. वीसच्या आत पुण्याला पोचायचं तर पाकीट संध्याकाळच्या डाकेत पडायलाच हवं होतं. शेवटचा प्रश्न कोरा. भाऊंचं ‘बघू’ तसंच. मामा सकाळपासून ओट्यावर येरझारा घालत होते आणि मी उगाचच झाकलेला काटा उघडून पुसत होतो.

दुपारी टांगा थांबला आणि यावलचे पाहुणे उतरले. मुलाचे चुलते, तेही कापसातलेच. गादीवर बसले, पाणी झालं, चहा आला. हवेचं झालं, पेरणीचं झालं. मग त्यांनी सरळ विचारलं, मार्गशीर्ष धरायचा ना?

दौलतभाऊंनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढे पसरलं. पाहुण्यांनी त्याखाली हात घातला. पाहुणे भिंतीवरच्या पंचांगाकडे बघू लागले, भाऊ रस्त्याकडे. दलालाच्या कोपरावरून मला भाव कळतो, असा माझा समज आहे. मी त्या कोपरावरून नजर हलवली नाही. काही कळलं नाही.

हात बाहेर आले. पाहुण्यांनी बशीतला चहा संपवला, ‘कळवा म्हणजे झालं’ म्हणाले, आणि टांग्यात बसले.

मामांनी भाऊंना गाठलं. काय ठरलं? भाऊ म्हणाले, ‘‘बघू.’’ मामा मटकन ओट्यावर बसले.

तेवढ्यात मागच्या दारातून गिरिजा आली. तिने कागद, टाक आणि दौत माझ्यापुढे ठेवली. मग पाहुणे जिथे बसले होते तिथे, वडिलांच्या समोर, गादीवर जाऊन बसली. त्या गादीवर बाईमाणूस बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. भाऊंचं उपरणं अजून तसंच पसरलेलं होतं. तिने उजवा हात त्याखाली घातला.

अक्का दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

भाऊंचा हात बाहेर होता. तो बराच वेळ मांडीवर तसाच पडून राहिला. मग तो उपरण्याखाली गेला, आणि तीस वर्षांच्या सवयीने भाऊंनी मान रस्त्याकडे फिरवली. गिरिजा झाकलेल्या काट्याकडे बघू लागली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

उपरणं एकदा हललं आणि थांबलं. पुन्हा हललं. भाऊंच्या कपाळावर घाम आला.

रस्त्याकडेच बघत ते हळू म्हणाले, ‘‘बाजार असा चढवत नाहीत, पोरी.’’

गिरिजा काट्याकडेच बघत म्हणाली, ‘‘माल माझा आहे, भाऊ.’’

त्यानंतर उपरणं बराच वेळ हललं नाही. रस्त्यावरून एक रिकामी गाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज पार वळणापर्यंत ऐकू आला. मग उपरण्याखाली एकच हालचाल झाली आणि दोघांचे हात बाहेर आले. भाऊंनी आपला हात धोतराला पुसला.

‘‘लिही,’’ ते म्हणाले.

गिरिजाने माझ्यापुढून कागद ओढून घेतला, एक शब्द लिहिला आणि वडिलांकडे सरकवला. भाऊंनी खाली सही केली. शाई टिपून तिने कागदाची घडी घातली आणि पाकिटात घालून ते चिकटवलं. आमच्यातल्या कोणाला अक्षर दिसलं नाही.

मामांना राहवेना. त्यांनी दोन्ही हात जोडले. ‘‘भाऊ, एवढं सांगा. किती वर्षं ठरली?’’

दौलतभाऊंनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं.

‘‘पुरेशी.’’

पाकीट संध्याकाळच्या डाकेत गेलं. प्रवेश दिल्याचं पत्र २६ जूनला आलं. यावलच्या मुलाचं लग्न त्याच मार्गशीर्षात फैजपूरच्या मुलीशी झालं. गिरिजा १९४५ साली बी. ए. झाली, दुसऱ्या वर्गात.